मांजराच्या डब्यात माती किती? तीन बोटे!

या सदरात आम्ही आजवर रेशनकार्डातील नावाच्या दुरुस्तीपासून मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत अनेक विषय घेतले. आजचा विषय पाहून काही जण हसतील. आमच्या कचेरीतील एका स्नेह्याने तर तोंडावरच विचारले, "समाजाचे सगळे प्रश्न सुटले वाटतं, म्हणून आता मांजराच्या घाणीवर लिहिताय?" प्रश्न सुटलेले नाहीत, हे आम्हांला त्यांच्याइतकेच ठाऊक आहे. परंतु दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे आणि एक मांजर राहू लागले, की मांजराचा डबा हा घरातील हवेचा, घरातील भांडणाचा आणि महिन्याच्या खर्चाचा प्रश्न होऊन बसतो. आमच्या घरी तो झाला. त्यात आमच्या हातून एक चूकही झाली, आणि त्या चुकीपायी एका मुक्या जिवाला आम्ही घराबाहेर काढण्याच्या बेतात होतो. तेव्हा हा हिशेब मांडणे आम्हांला भागच आहे.

प्रथम शब्दांचा गोंधळ मिटवू. मांजराच्या शी-शूसाठी दुकानात जी दाणेदार माती मिळते तिला 'लिटर' म्हणतात. दूध मोजण्याचे मापही लिटरच. दुकानदार "पाच लिटरचे लिटर" म्हणू लागला तेव्हा आमच्या सौ. त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. म्हणून या लेखात आम्ही मांजराच्या लिटरला सरळ 'माती' म्हणणार आहोत, आणि लिटर हा शब्द मापापुरता ठेवणार आहोत.

दोन वर्षांमागे पावसाळ्यात आमच्या कन्येने जिन्याखाली भिजत पडलेले एक पिल्लू वर आणले. करड्या रंगाचे, म्हणून नाव पडले भुऱ्या. आमची आई सुरुवातीला नाराजच होती. तिचे सारे आयुष्य गावी गेलेले. "आरं, गावाकडं मांजराला कुणी डबा ठेवला व्हता का? चुलीच्या राखेत न्हाईतर उकिरड्यावर जायची, आपलं आपण झाकून यायची," हे तिचे म्हणणे. म्हणणे खरेच होते. पण आमच्या इमारतीत चूलही नाही आणि उकिरडाही नाही. तिसऱ्या मजल्यावर मांजराने जायचे कोठे? शेवटी मोरीशेजारी एक प्लॅस्टिकचा उथळ डबा ठेवला, दुकानातून पाच किलोची मातीची पिशवी आणली आणि भुऱ्या दुसऱ्याच दिवशी आपण होऊन डब्यात जाऊ लागला. मांजराला हे शिकवावे लागत नाही. त्याचे पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातील रानमांजरे. मऊ, सुटी माती दिसली की उकरायचे, बसायचे आणि झाकायचे, ही त्याची उपजत सवय आहे.

आम्ही कारकून माणूस. शिक्षण बी.कॉम.चे, आणि रोजचा जमाखर्च वहीत लिहिण्याची सवय विद्यार्थिदशेपासूनची. मातीची पिशवी स्वस्त नाही हे पहिल्याच महिन्यात वहीने दाखवून दिले. मग आम्ही काटकसर सुचवली. पिशवी एकदम ओतायची नाही, अर्धीच ओतायची. तळ झाकला म्हणजे पुरे. मांजराला काय कळते! डब्यात जेमतेम एक बोट उंचीचा थर राहू लागला. आपण घराचे पैसे वाचवतो आहोत, या समाधानात आम्ही होतो.

सात-आठ दिवसांत घरात उग्र वास भरला. डोळे चुरचुरावेत असा. दर तीन दिवसांनी सगळी माती फेकून डबा घासावा लागे, आणि तो कोण घाशी? सौ. किंवा कन्या. आम्ही कचेरीत! त्यानंतर भुऱ्याने एक दिवस डबा सोडला आणि थेट आईच्या गोधडीवर लघवी केली. दुसऱ्या दिवशी कन्येच्या दप्तराजवळ. तिसऱ्या दिवशी परत गोधडीवर. आईचा संयम सुटला. सौ. म्हणाल्या, "मला दिवसातनं तीनदा गोधडी धुवायला जमणार नाही." शेजारच्यांनी सांगितले की बोका आहे, डूख धरला असेल. आम्ही त्याला एकदोनदा मानगुटीला धरून नाक घासले, ओरडलो. हे लिहिताना शरम वाटते, पण खरे तेच सांगतो. शेवटी असे ठरले की रविवारी त्याला पिशवीत घालून मासळीबाजाराजवळ सोडून यायचे. तेथे खायला मिळेल, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली.

कन्या रात्रभर रडली. सकाळी म्हणाली, "पप्पा, सोडायच्या आधी एकदा डॉक्टरला तरी दाखवा." आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी आधी त्याला तपासले, पोट दाबून पाहिले, लघवीची तपासणी केली, कारण मांजर डब्याबाहेर जाऊ लागले तर पहिला संशय आजाराचा घ्यावा लागतो. आजार निघाला नाही. मग त्यांनी विचारले, "काका, डब्यात माती किती घालता?"

आम्ही मोठ्या अभिमानाने बोट आडवे धरून दाखवले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग तो कुठे जाईल बिचारा? तुम्ही ओल्या फरशीवर बसायला सांगता आहात."

वाचकहो, एवढ्या एका वाक्यात आमच्या काटकसरीचा निकाल लागला.

आता हे असे का होते ते नीट पाहू. आज बाजारात जी माती सर्वांत जास्त दिसते ती बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीची असते. आपल्याकडे कच्छ भागात ती निघते, आणि विहिरी-बोअर खोदताना व ओतकामाच्या कारखान्यांतही वापरली जाते. पाणी लागले की ती फुगते आणि दाणे एकमेकांना धरून गोळा बनतो. मांजराने लघवी केली की ती वरून खाली झिरपू लागते आणि वाटेतच तिचा गोळा होतो. थर पुरेसा असेल तर हा गोळा तळाला पोहोचण्याआधीच तयार होतो. झाऱ्याने अलगद उचलला की ओले ते सगळे बाहेर आणि खाली-बाजूला कोरडी माती शिल्लक.

थर एक बोटाचा असेल तर काय होते? लघवी गोळा होण्याआधीच तळाला जाते. तेथे तिची चपटी, चिकट भाकरी थापली जाते. ती खरवडताना तुटते, तिचे तुकडे चांगल्या मातीत मिसळतात, आणि उरलेला ओलावा प्लॅस्टिकला धरून राहतो. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो. तोच तो डोळे चुरचुरवणारा वास. माणसाला तो उभ्याने येतो, मांजराचे नाक तर डब्यापासून वीतभर अंतरावर असते आणि माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. शिवाय उकरावे तर नखांना प्लॅस्टिक लागते, झाकावे तर माती नाही, आणि पाय ओले. मग त्याला कोरडी आणि मऊ जागा दिसते ती आईची गोधडी! यात डूख नाही, सूड नाही. आपल्या सार्वजनिक संडासाची अवस्था वाईट असली तर आपण काय करतो, हे चाळीत दिवस काढलेल्या कोणालाही सांगावे लागू नये.

तर मग माती किती घालावी? गोळा होणाऱ्या मातीचा थर ५ ते ७ सेंटिमीटर असावा. इंचात दोन ते पावणेतीन, फार तर तीन. फूटपट्टी शोधत बसू नका. आपल्या आया भातातले पाणी बोटाच्या पेरांनी मोजत आल्या आहेत, तोच मार्ग येथे धरावा. मोठ्या माणसाची तीन बोटे एकमेकांना चिकटवून आडवी धरली की साधारण ५ सेंटिमीटर होतात, आणि चार बोटे धरली की ७ च्या आसपास. डब्याच्या बाहेरच्या बाजूने तेवढ्या उंचीवर एक रेघ मारून ठेवावी. तीन बोटांच्या खाली जाऊ द्यायचे नाही, चारच्या वर चढवायचे नाही.

चारच्या वर का नाही, तेही आमच्याकडून ऐका, कारण चूक सुधारताना आम्ही दुसरे टोक गाठले. डॉक्टरबाईंकडून आल्यावर पश्चात्तापाच्या भरात आम्ही डबा अर्ध्याच्या वर भरला. भुऱ्या आत गेला, पाय रुतले, बावरून बाहेर आला. परत गेला आणि असा काही उकरू लागला की मोरीपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत माती! खोल थरात मांजराला पायाखाली भक्कम वाटत नाही, आणि जास्तीची माती डब्याच्या काठावरून बाहेर फेकली जाते. म्हणजे पैसे केरात. काही मांजरांना, विशेषतः लांब केसांच्या जातींना, थर थोडा कमीच आवडतो. म्हणून तीन बोटांपासून सुरुवात करावी आणि आपले मांजर काय करते ते आठवडाभर पाहावे. नखे तळाला खरखरू लागली तर थोडी वाढवावी, माती घरभर उडू लागली तर थोडी कमी करावी. डब्याचा काठ मातीच्या वर किमान वीतभर तरी राहावा.

आता आमच्या आवडीचा भाग, हिशेब. आमचा डबा आतून ४५ सेंटिमीटर लांब व ३५ रुंद. गुणाकार १,५७५ चौरस सेंटिमीटर. त्यावर ५ सेंटिमीटर थर म्हणजे ७,८७५ घन सेंटिमीटर, म्हणजेच जवळपास ८ लिटर. ७ सेंटिमीटर धरला तर ११ लिटर. बेंटोनाइटची माती एका लिटरला साधारण पाऊण ते एक किलो भरते. तेव्हा आमच्या डब्याला पहिल्या भरणीस ६ ते ८ किलो माती हवी. पाच किलोची पूर्ण पिशवी ओतली तरी थर पुरा होत नाही, आणि आम्ही तर त्यातली अर्धीच ओतत होतो! आपल्या डब्याची लांबी-रुंदी मोजून हाच गुणाकार करा, म्हणजे दुकानात फसगत होणार नाही.

"मग खर्च दुप्पट झाला की," असे कोणी म्हणेल. आम्हीही म्हणालो होतो. पण वही उघडून पाहिली. काटकसरीच्या दिवसांत अडीच किलो माती दर तीन दिवसांनी नासत होती. महिन्याच्या दहा खेपा, एकूण २५ किलो. तीन बोटांचा थर ठेवू लागल्यावर पहिल्या भरणीला ८ किलो लागली. पुढे रोज फक्त गोळे निघाले, आणि जेवढी निघाली तेवढी भर आठवड्यातून दोनदा घातली. ती महिन्याला ५ किलोच्या आतबाहेर. बेरीज १३ किलो. म्हणजे जास्त माती घातल्याने खर्च निम्म्यावर आला. गरिबाच्या घरात असे अनेकदा होते. छत्री स्वस्तातली घ्यायची आणि दर पावसाळ्यात नवी घ्यायची. एकदम जास्त देण्याची ऐपत नसते किंवा धीर होत नाही, म्हणून थोडे थोडे देत आपण अखेर जास्तच देतो.

सगळ्या प्रकारच्या मातीला मात्र हेच माप लागू नाही. गोळा न होणारी साधी माती मिळते. ती ओलावा पिते पण धरून बसत नाही. तिचाही थर दोन इंचांचा ठेवावा, मात्र विष्ठा रोज काढून आठवड्यातून एकदा तरी सगळी बदलावी लागते. लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या कांड्या मिळतात. त्या लघवीने फुगून भुसा होतात, म्हणून त्यांचा थर अडीच ते चार सेंटिमीटर, म्हणजे दीड-दोन बोटे, पुरतो. बांधकामाची वाळू फुकट मिळते म्हणून काही जण वापरतात. ती जड असते, ओल धरत नाही, वास लवकर येतो आणि सगळी वारंवार बदलावी लागते. ज्याला दुसरे परवडतच नाही त्याने स्वच्छ, कोरडी वाळू घ्यावी, पण रस्त्यावरच्या ढिगातली नको. त्या ढिगावर गल्लीतली मांजरे आधीच जाऊन आलेली असतात.

ही माती दुकानात आली कशी, तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेत मिशिगन राज्यात एडवर्ड लोव नावाचा एक गृहस्थ कारखान्यांतील तेल टिपण्याच्या वस्तू विकण्याच्या धंद्यात होता. तेथेही तोवर लोक मांजरासाठी राख, वाळू, भुसाच वापरत. १९४७ साली शेजारणीने मांजरासाठी वाळू मागितली, तेव्हा त्याने तिला तेल टिपणारी चिकणमाती देऊन पाहिली. ती माती म्हणजे आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीच्या कुळातली. तिला ती आवडली, आणि त्याने पिशव्या भरून विकायला सुरुवात केली. गोळा होणारी बेंटोनाइटची माती नंतर, १९८० च्या दशकात पुढे आली. आमच्या आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मंजी राखंवरनंच सुरू झालं की समदं!"

लहान पिल्लू, म्हातारे मांजर आणि गरोदर स्त्री, या तिघांची जास्त काळजी घ्यावी लागते. दोन-तीन महिन्यांच्या आतले पिल्लू माती चाटते, खातेही. गोळा होणारी माती पोटात फुगू शकते, म्हणून पिल्लू मोठे होईतो गोळा न होणारी माती वापरावी आणि एक इंचाचा थर पुरे. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या मांजराला उंच काठ ओलांडता येत नाही आणि खोल मातीत तोल सांभाळता येत नाही. त्याला एका बाजूने कापलेला बुटका डबा द्यावा आणि थर तीन बोटांवर जाऊ देऊ नये.

गरोदर स्त्रीबाबत आपल्याकडे भीती फार आणि माहिती कमी. सून गरोदर राहिली की मांजर आधी बाहेर काढा, असा सल्ला शेजारपाजार देतो. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो व तो गर्भाला अपाय करतो, हे खरे. परंतु तो विष्ठेतून बाहेर पडताच लागण करीत नाही. त्याला त्यासाठी एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे डबा रोजच्या रोज साफ झाला तर धोका पुष्कळ कमी होतो. शिवाय अर्धकच्चे मटण आणि न धुतलेल्या भाज्या यांतूनही हा जंतू येतो. तेव्हा गरोदर बाईने डब्याला हात लावू नये. ते काम नवऱ्याने करावे. नवरा घरी नसेल तर तिने हातमोजे घालून करावे व साबणाने हात धुवावेत. आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. मांजराला रस्त्यावर सोडण्याचे कारण नाही.

येथे घरातल्या पुरुषांना एक प्रश्न विचारतो. डबा साफ कोण करते? आमच्या घरी वर्षभर माती आणण्याचा हिशेब आम्ही लिहीत होतो आणि घाण सौ. व कन्या काढत होत्या. माती किती घालायची हा निर्णय आमचा, वास मात्र त्यांना! ज्याला झारा हातात धरावा लागत नाही त्याने थर किती असावा हे ठरवू नये. हे कळले त्या दिवसापासून सकाळचा झारा आमच्याकडे आहे. पाच मिनिटांचे काम आहे. त्याने कोणी लहान होत नाही.

आणि ही घाण घराबाहेर गेल्यावर ती कोणाच्या हातात जाते, हाही प्रश्न आहेच. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी झाडू-घमेले हाती घेऊन दिवस काढले आहेत. त्यांना हे सांगायला नको. गोळे कागदात गुंडाळून पिशवीत घट्ट बांधावेत आणि भाजीच्या ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळे द्यावेत. कचरा घेणाऱ्या भाऊ-ताईंना आत काय आहे ते सांगावे, म्हणजे त्या पिशवीत उघडा हात जाणार नाही. संडासात किंवा मोरीत ही माती मुळीच टाकू नये. बेंटोनाइट पाण्याने फुगते आणि नळी तुंबवते. चेंबर तुंबले की तेथे उतरवायला माणूस शोधला जातो. गटारे व सेप्टिक टाक्यांच्या जीवघेण्या सफाईसाठी माणसाला उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली, तरी माणसे उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. आपल्या लाडक्या मांजराच्या घाणीपायी कोणाच्या जिवावर बेतू नये.

डबा धुण्याविषयी एक इशारा. आपल्या घरात फरशीला फिनेल लागते, म्हणून डबाही फिनेलने घासण्याची सवय असते. काळ्या फिनेलमधील द्रव्ये मांजराच्या शरीरात पचत नाहीत, ती त्याला विषारी ठरतात. ते डब्यात बसते, पंजे चाटते आणि विष पोटात जाते. ब्लीचिंगचे पाणीही लघवीच्या अमोनियात मिसळले की घातक वायू तयार होतो. साधा साबण, गरम पाणी आणि ऊन, एवढेच पुरते. गोळे रोज एकदा, जमल्यास दोनदा काढावेत. महिन्यातून एकदा सगळी माती बदलून डबा धुवावा व पूर्ण वाळल्यावरच भरावा. दोन मांजरे असतील तर डबे तीन असावेत असे जाणकार सांगतात. आमच्यासारख्या घरात जागा नसते, तेव्हा निदान मांजरागणिक एक तरी डबा ठेवावा आणि सफाई जास्त वेळा करावी.

आता शेवटची गोष्ट. थर नीट ठेवू लागल्यावर गोळे अख्खे निघू लागले आणि कन्येला ते मोजण्याचा छंद लागला. रोज लघवीचे दोन-तीन, शी एकदा. कॅलेंडरवर ती टिंबे मांडी. आम्ही थट्टाही केली, की ही बापाच्या वळणावर गेली. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी ती झारा घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. "पप्पा, कालपासनं एकही गोळा नाही." भुऱ्या डब्यात बसत होता, उठत होता, परत बसत होता. माती कोरडी. आईला वाटले बद्धकोष्ठ असेल, एरंडेल पाजू या. कन्या ऐकेना. रिक्षा करून डॉक्टरबाईंकडे नेले. लघवीचा मार्ग बंद झाला होता. बोक्यांमध्ये हे घडते, कारण त्यांची मूत्रनलिका अरुंद असते. त्यांनी नळी घालून लघवी मोकळी केली, काही दिवस उपचार केले. "काका, आज आणलंत म्हणून. अशी मांजरं एक-दोन दिवसांत जातात," त्या म्हणाल्या.

एक बोटाच्या चिखलात गोळे कोण मोजणार होते? आणि त्याआधी, त्या रविवारी आम्ही त्याला मासळीबाजारात सोडले असते तर? पाळलेले जनावर उपासमार होईल अशा रीतीने सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे आम्हांला नंतर कळले. दुसऱ्यांना कायदा समजावून सांगत फिरणारे आम्ही, आमच्याच घरात तो मोडायला निघालो होतो. गुन्हा आमच्या काटकसरीचा आणि शिक्षा मात्र त्याला!

म्हणून ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. गोळा होणारी माती तीन ते चार बोटे, लाकडाच्या कांड्या दीड-दोन बोटे, पिल्लाला एक इंच साधी माती. गोळे रोज काढावेत, निघाली तेवढी भर घालावी, रेघ सोडू नये. मांजर डब्याबाहेर गेले तर मारू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे, मग डब्यात बोट घालून पाहावे. आणि बोका वारंवार बसूनही डबा कोरडाच राहिला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, उद्यावर टाकू नये.

भुऱ्या आता बरा आहे. पाणी भरपूर पितो आणि दुपारी आईच्या त्याच गोधडीवर झोपतो. गोधडी कोरडी असते. सकाळी आम्ही झारा हाती घेतला की आई आतून विचारते, "तीन बोटं हायत का रं?"

आहेत, आई.

वाचकांनी आपले अनुभव पोस्टकार्डाने किंवा फोनवरून जरूर कळवावेत. निवडक अनुभवांना या सदरात जागा देऊ.